कोस्टा रिकात कासवांच्या गस्तीवर जायचंय? तयारी अशी करा

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर लेदरबॅक कासवाच्या माद्या मार्च ते जुलै या काळात अंडी घालायला वर येतात. एप्रिल-मे हा ऐन भर, म्हणजे नेमकी आपल्याकडची उन्हाळी सुट्टी. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिरव्या कासवांचा हंगाम. त्यासाठी तोर्तुगेरोचा किनारा जगभर ओळखला जातो. पारिस्मिना, पाकुआरे, गांदोका इथेही माद्या शोधायला आणि त्यांची अंडी चोरांपासून राखायला रात्रीची गस्त चालते. परदेशी स्वयंसेवक या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षं येतात आणि राहण्या-जेवणासह कामाचे पैसे उलट तेच भरतात. राबायचंही आपणच आणि पैसेही आपणच द्यायचे, हे कसं? आपल्याकडे पहिला प्रश्न हाच निघतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

या किनाऱ्यावर कासवाची अंडी खणून विकणं हा जुना धंदा. २००२ साली समुद्री कासवांच्या संरक्षणासाठी ८३२५ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा झाला. पण मैलोन्‌मैल पसरलेल्या काळोख्या वाळूवर कायद्याचा माणूस कुठे कुठे पोचणार? अंडी विकून जेवढे सुटतात त्याहून ती वाळूत राहिली तर जास्त सुटतात, असं गावाला दिसलं की चोरी कमी होते. पारिस्मिनासारख्या गावात स्वयंसेवक गावातल्याच घरी राहतो. त्याच्या जेवणाचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात आणि गस्तीच्या म्होरक्याची मजुरी फीमधून निघते. यातले काही म्होरके पूर्वी स्वतः अंडी काढायचे. मादी कुठे वर चढेल ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. कोकणात वेळासला हेच घडलं. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या जेवणावर-मुक्कामावर गावातली घरं चार पैसे कमवू लागली. तेव्हा फी द्यावी लागते याचं वाईट वाटून घेऊ नका. ती कुणाच्या खिशात जाते ते मात्र खोदून विचारा.

प्रकल्प निवडताना काय विचारायचं

पहिल्याच ईमेलमध्ये हे विचारा. रात्री गस्त कोण नेतं, तो माणूस याच गावचा आहे का, त्याला मजुरी मिळते का? माझ्या फीतले किती पैसे घरमालकाला, किती म्होरक्याला आणि किती कार्यालयाला जातात? राष्ट्रीय संवर्धन क्षेत्रांची सरकारी यंत्रणा आहे, तिला तिथे 'सिनाक' म्हणतात. तिची कासव हाताळण्याची आणि अंडी हलवण्याची या हंगामाची परवानगी आहे का? गेल्या हंगामात किती घरटी सापडली, किती चोरीला गेली, किती हलवली, पिल्लं किती निघाली?

आकडे देणारा प्रकल्प कामाचा समजा. आकड्यांऐवजी तळहातावर पिल्लू घेतलेल्या पाहुण्यांचे फोटो आले तर तो विषय तिथेच सोडा. जंगली प्राण्यांबरोबर सेल्फी घेऊ नयेत म्हणून कोस्टा रिका सरकारनं २०१९ साली मोहीमच काढली होती. जो प्रकल्प झाडावरच्या संथ स्लॉथ प्राण्याला कडेवर घ्या, माकडाला बाटलीनं दूध पाजा असं सांगून माणसं बोलावतो, त्याला संवर्धन म्हणता येत नाही.

आणखी एक प्रश्न अवघड वाटतो, तरी विचाराच. सुरक्षेची व्यवस्था काय आहे? २०१३ च्या मे अखेरीस लिमोन शहराजवळच्या मोइन किनाऱ्यावर गस्त घालताना हायरो मोरा सांडोव्हाल या २६ वर्षांच्या कासव कार्यकर्त्याचं अपहरण करून खून करण्यात आला. त्या रात्री त्याच्यासोबत परदेशी स्वयंसेविकाही होत्या. तो तिथलाच मुलगा होता आणि लेदरबॅकसाठी गेला. गस्तीवर रेडिओ असतो का, चोर समोर आला तर काय करायचं याचा लेखी नियम आहे का, पोलीस किंवा तटरक्षक किती लांब आहेत, हे विचारण्यात संकोच कसला? नियम सगळीकडे एकच असायला हवा: चोर दिसला की स्वयंसेवकानं एक शब्दही न बोलता म्होरक्याच्या मागे उभं राहायचं.

आणि एक कसोटी स्वतःसाठी. ज्या कामाचे पैसे गावातल्या कुणाला मिळू शकतात, ते काम फुकट करू नका. तोर्तुगेरोला पर्यटकांना रात्री कासवं दाखवायला परवानाधारक स्थानिक गाइड असतात. "इंग्रजी येतं ना, मग आज तुम्हीच पाहुण्यांना घेऊन जा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्याच गाइडला दुपारी बसून इंग्रजीची वाक्यं शिकवा. ती मदत गावात राहते.

किती दिवसांसाठी जायचं

दोन आठवड्यांपेक्षा कमी जाऊ नका. भारत आणि कोस्टा रिका यांच्या वेळेत साडेअकरा तासांचा फरक आहे. पहिल्या तीन-चार रात्री झोपेचं गणित बसवण्यात आणि काम शिकण्यात जातात. आठवडाभरासाठी येणारा माणूस कामाचा व्हायला लागतो तोच त्याची बोट सुटते आणि म्होरक्याची शिकवणी वाया जाते. तीन-चार आठवडे उत्तम. त्यामागे कासवाचंही कारण आहे. लेदरबॅकची मादी एका हंगामात साधारण नऊ-दहा दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा अंडी घालते. तीन आठवडे राहिलात तर ज्या मादीच्या टॅगचा, म्हणजे पायाजवळ लावलेल्या ओळखपट्टीचा, नंबर तुम्ही लिहिलात, तीच पुन्हा समोर येण्याची शक्यता असते. ती नोंद संशोधनाच्या दृष्टीनंही मोलाची.

कागदपत्रं आणि प्रवास

एप्रिलमध्ये जायचं तर दिवाळीच्या सुमारास हालचाल सुरू करा. भारतीय पासपोर्टला कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. वकिलात नवी दिल्लीत आहे. अमेरिकेसारख्या काही देशांचा बहुप्रवेश व्हिसा आधीच असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण कोणता व्हिसा चालतो आणि त्याची मुदत किती उरलेली हवी याचे नियम बदलत राहतात. वकिलातीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत विमानतळावर जवळ ठेवा. स्वयंसेवक म्हणून कोणत्या प्रकारचा प्रवेश घ्यायचा हेही प्रकल्पाकडून आणि वकिलातीकडून आधीच स्पष्ट करून घ्या. प्रकल्पाकडून स्पॅनिशमधलं निमंत्रणपत्र मागवा. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तर तो पासपोर्ट कार्यालयातून काढून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का, करून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

तिकिटात लोक हमखास फसतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या विमानतळांचे ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कोलंबिया किंवा ब्राझीलमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर घाईनं काढू नका. या देशांतून येणाऱ्यांकडे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जातं, परतताना भारतातही. लस घेतल्यावर १० दिवसांनीच ते ग्राह्य धरतात आणि ती फक्त अधिकृत केंद्रांवरच मिळते. बाकी धनुर्वात, टायफॉइड, कावीळ अ यांच्या लशी डॉक्टरांना विचारून घ्या. लिमोन प्रांतात डेंग्यू आहे, थोडाफार मलेरियाही आहे, हे त्यांना मुद्दाम सांगा. विमा काढताना दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि स्वयंसेवेचं काम, दोन्ही त्यात धरलंय का ते कागदावर पाहा.

राजधानी सान होसेहून तोर्तुगेरोला रस्ता जात नाही. कारियारीपर्यंत बस, तिथून ला पाव्होनाच्या धक्क्यापर्यंत दुसरी बस, मग कालव्यातून बोट. पारिस्मिनालाही शेवटचा टप्पा बोटीनंच. म्हणून सान होसेला एक रात्र राहा, सकाळी लवकर निघा आणि पुरेशी रोकड तिथेच कोलोनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, करून घ्या. गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका.

घरून निघण्याआधीचा सराव

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास किंवा आंजर्ल्याला दोन दिवस राहून या. ऑलिव्ह रिडले कासवांची हॅचरी, म्हणजे हलवलेली अंडी राखायची कुंपणातली जागा, कशी असते, घरट्यावरची टोपली कधी आणि कशी उचलतात, कासवमित्र पिल्लं कशी मोजतात, हे पाहिलेलं असलं की तिकडे अर्धं काम ओळखीचं वाटतं. रोज संध्याकाळी तासभर मऊ वाळूत चाला, ओल्या घट्ट वाळूत नव्हे. एका गस्तीत चार-पाच तास आणि आठ-दहा किलोमीटर सहज होतात, तेही ओंडक्यांना अडखळत.

स्पॅनिश थोडी तरी हवीच. बाउला म्हणजे लेदरबॅक, निदो म्हणजे घरटं, विवेरो म्हणजे हॅचरी, मारेआ म्हणजे भरती-ओहोटी, एस्पेरे म्हणजे थांबा, अगाचेसे म्हणजे खाली वाका. शेवटचे दोन शब्द अंधारात ऐकताक्षणी अंगवळणी पडलेले हवेत.

पिशवीत काय

काळे किंवा गडद निळे लांब बाह्यांचे शर्ट आणि पूर्ण पँट, दोन-तीन जोड. पांढरा, पिवळा, चकाकणारा कपडा रात्री चालत नाही. लाल प्रकाशाचा हेडलॅम्प घ्या. पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन चिकटवून काम भागत नाही, कारण कडेनं पांढरा उजेड फुटतो. बूट बंद आणि जुने हवेत, भिजले तरी चालतील असे. सँडल घातली तर ओंडक्यांखाली बसलेल्या तेर्सिओपेलो सापाची भीती असते; तो विषारी आहे आणि नारळाच्या झावळ्यांत दिसत नाही. चांगला रेनकोट घ्या, छत्री नको. पायांना बुरशी होऊ नये म्हणून पावडर, कारण बूट कधीच पूर्ण वाळत नाहीत. फोन आणि औषधांसाठी झिपच्या पिशव्या. वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या, तेव्हा अडॅप्टर लागेल. आणि दोन-तीन पेन्सिली. पावसात भिजलेल्या कागदावर बॉलपेन उठत नाही, पेन्सिल उठते.

गस्तीची रात्र

गस्त साधारण रात्री आठला सुरू होते, दुसरी तुकडी मध्यरात्री निघते. म्होरका पुढे, बाकीचे त्याच्यामागे एका रांगेत, भरतीच्या ताज्या रेषेलगत. दिवा बंद. दहा-पंधरा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि तो काळा पट्टा दिसू लागतो: वाळूवर जवळजवळ दोन मीटर रुंद, ट्रॅक्टर गेल्यासारखा माग. एकच माग असेल तर मादी अजून वर आहे. दोन असतील तर ती परतली.

म्होरका सगळ्यांना बसवून एकटा पुढे सरकतो. मादी जागा शोधत असते किंवा खड्डा खणत असते तेव्हा ती फार बुजरी असते. एक उजेड, एक उभी सावली, आणि ती अंडी न घालता परत फिरते. खणण्याचं काम पाहण्यासारखं आहे. तीन-चारशे किलोचं हे जनावर मागच्या वल्ह्यासारख्या पायाची वाटी करतं, मूठभर वाळू अलगद उचलून बाजूला ठेवतं, मग दुसऱ्या पायानं तेच, डोळ्यांना न दिसणाऱ्या खड्ड्यात, ७०-७५ सेंटीमीटर खोलीपर्यंत. अंडी पडायला लागली की मात्र ती तंद्रीत जाते. काम करायचं ते याच वीस मिनिटांत.

सगळे तिच्या मागच्या बाजूला. डोक्याच्या पुढे कुणीही जायचं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळताना दिसेल. शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकण्याची ती सोय आहे. एकजण पोटावर झोपून खड्ड्यात पिशवी धरतो, एकजण मोजतो, एकजण लिहितो. लेदरबॅकला टणक कवच नसतं, पाठ रबरी चामड्यासारखी लागते आणि तिच्यावर लांबीनं कणे, म्हणजे उंचवट्यांच्या रेषा, असतात. मापाची टेप मानेमागच्या खाचेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, मधल्या कण्याला लागून एका बाजूनं धरायची. कण्यावरून धरली की ती घसरते आणि माप चुकतं. टोक तुटलेलं असेल तर तशी नोंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी हीच मादी 'आखूड झाली' असं दिसतं. माप दोन-तीनदा घ्या. टॅग मागच्या पायांच्या बेचक्यात असतात. नंबर दोघांनी वाचायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, कारण लाल उजेडात ३ आणि ८ सारखेच दिसतात. टॅग मारणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम.

अंडी दोन प्रकारची. बिलियर्डच्या चेंडूएवढी साधारण ८० आणि शेवटी लहान, बलक नसलेली काही. मोजताना वेगवेगळी मोजा. हातमोजे घालाच, आणि हाताला डासांचं मलम, सनस्क्रीन काही लावलेलं नसावं. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात: डास चावतात म्हणून माणूस नकळत पुन्हा मलम चोळतो आणि त्याच हातानं पिशवी धरतो. मलम खोलीवरच लावा, तेही कपड्यांवर.

अंडी हलवणं आणि हॅचरी

चांगला प्रकल्प प्रत्येक घरटं हलवत नाही. लाटा पोचतील अशा जागी किंवा चोरांच्या वाटेवर असेल तरच हलवतो. हलवायचं तर लगेच, पहिल्या दोन-तीन तासांत. अंड्यातला गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूनं चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो गुदमरून मरतो, बाहेरून काही कळतही नाही. पिशवी सात-आठ किलोची होते. ती छातीशी धरून चाला, हातात लोंबकळू देऊ नका.

हॅचरीतला खड्डा मादीनं खणला असता तसाच हवा: वर अरुंद गळा, खाली एका बाजूला फुगलेला तळ, खोली तीच. बलकाची अंडी खाली, लहान वर, मग ओली वाळू, शेवटी कोरडी. दोन घरट्यांत निदान एक मीटर अंतर. दाटीवाटी केली की उष्णता वाढते आणि बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वरून बारीक जाळीची गोल भिंत, खेकडे आणि माश्यांपासून राखायला. वाळूचं तापमान ठरावीक वेळी मोजून लिहायचं, कारण पिल्लाचं लिंग त्यावर ठरतं. साधारण साडेएकोणतीस अंशांच्या आसपास नर-माद्या मिसळून निघतात. त्याहून तापलं की सगळ्या माद्या, फारच तापलं तर पिल्लंच निघत नाहीत. म्हणून सावलीची जाळी.

हॅचरीची पाळी सहा तासांची, कंटाळवाणी आणि सर्वांत जबाबदारीची. दर वीस-तीस मिनिटांनी प्रत्येक जाळीत डोकावायचं. सकाळी दहाच्या उन्हात वर आलेली पिल्लं अर्ध्या तासात करपतात. त्यांना ओल्या वाळूच्या घमेल्यात सावलीत ठेवा, पाण्यात नको. पोहून दमलेलं पिल्लू समुद्रात टिकत नाही. सोडायची ती अंधार पडल्यावर, रोज वेगळ्या जागी, पाण्यापासून काही मीटर अलीकडे, आणि पुढचं अंतर त्यांना स्वतः चालू द्यायचं.

घर, जेवण आणि बाकीचं

सकाळी गायो पिंतो, म्हणजे परतलेला भात आणि काळे घेवडे. कॅरिबियन बाजूला भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजवतात. कोकणातल्या माणसाला तो पहिल्या घासाला आवडतो. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' एवढ्यावर थांबू नका. कार्ने म्हणजे बहुतेकांच्या लेखी गोमांस, त्यामुळे ताटात कोंबडी येते आणि वाढणारीला वाटतं आपण बरोबर केलं. 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन' हे अख्खं वाक्य पाठ करा. मसाल्याचा छोटा डबा नेला तर घरच्या बाईला एक दिवस आमटी करून वाढा. यजमानांशी ओळख घट्ट व्हायला याहून सोपा उपाय नाही. तिला पहिल्या दिवशीच विचारा: पाणी कुठलं प्यायचं, कपडे कोण धुतं, गस्तीहून पहाटे आल्यावर दार कसं उघडायचं.

समुद्रात पोहू नका. या किनाऱ्याला आत ओढणारे प्रवाह जबरदस्त आहेत, आणि कालव्यात मगरी आहेत. दोन गस्तींच्या मध्ये झोप पूर्ण करा. तिसऱ्या-चौथ्या रात्री दमलेला माणूस ओंडक्यावर पडून पाय मोडून घेतो आणि मग अख्ख्या गावाला त्याची बोट शोधावी लागते. अशाही रात्री येतील की दहा किलोमीटर चालून एकही कासव दिसणार नाही. नोंदवहीत 'शून्य' लिहा. ती नोंदही हंगामाच्या हिशेबात धरली जाते.

घरट्यांचे फोटो जागेच्या खुणेसह इंटरनेटवर टाकू नका. चोरही ते बघतात.

निघताना हेडलॅम्प, रेनकोट, न वापरलेले हातमोजे हॅचरीत देऊन या; तिथे ते मिळवणं महाग पडतं. तुमच्या नोंदी म्होरक्यासोबत बसून एकदा ताडून पाहा, चुकीचा नंबर तिथेच दुरुस्त होतो. आणि परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये कोकणातल्या कासवमित्रांना फोन करा. तिकडे ऑलिव्ह रिडलेची घरटी सुरू झालेली असतात, कुत्री आणि कोल्हे पोचायच्या आत पहाटे किनारा चालून काढायचा असतो, आणि घरटं जेमतेम ४५ सेंटीमीटर खोल असतं.